कप्तान नवा असेल तर: छोट्या शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून जाताना

‘मित्राने सेलिंगचा कोर्स केलाय. रविवारी गेटवेहून मांडव्याला चल म्हणतो. मला पोहता येतं, पण बोटीतलं काही कळत नाही. जाऊ का?’

‘आमचे साहेब क्लबची बोट घेतात आणि आम्हा दोघा-तिघांना खलाशी म्हणून नेतात. मागच्या वेळी त्यांची चांगलीच त्रेधा उडाली होती. आता पुन्हा बोलावलंय. नाही कसं म्हणू?’

पावसाळा सरून मुंबई बंदरात शिडं दिसू लागली, की या दोन प्रश्नांची नाना रूपं आमच्याकडे येऊ लागतात. पहिल्याचं उत्तर असं, की जायला हरकत नाही. प्रत्येक कप्तान कधीतरी नवा असतोच आणि त्याला खलाशी लागतातच. धोका नवखेपणात असतो त्याहून जास्त तो लपवण्यात असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे येईल. इथे आपण वीस-पंचवीस फुटांची, तीन-चार माणसांची बोट आणि नोव्हेंबर ते मे हा मोसम गृहीत धरला आहे.

नवखा म्हणजे किती नवखा?

‘कोर्स केलाय’ या दोन शब्दांवर थांबू नका. कोणता कोर्स, हे विचारा. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या अभ्यासक्रमांत ‘कॉम्पिटंट क्रू’ हा खलाशाचा कोर्स आहे, तर ‘डे स्किपर’ हा दिवसाउजेडी बोट नेणाऱ्या कप्तानाचा. पहिल्याच्या जोरावर कुणी कप्तान झाला असेल, तर त्याच्याकडे दोर ओढण्याचं प्रशिक्षण आहे, निर्णय घेण्याचं नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. पवना किंवा खडकवासल्याच्या जलाशयात उत्तम बोट हाकणारा माणूस समुद्रात नवखाच असतो. तलावात भरती-ओहोटी नसते, कंटेनरची जहाजं नसतात, मासेमारीची जाळी नसतात. चूक झाली तर बोट कुठल्यातरी काठाला लागते. इथे ती प्रॉंग्जच्या दीपगृहापलीकडे उघड्या समुद्रात जाऊ शकते.

तिसरा मुद्दा, याच बोटीवर तो किती वेळा होता आणि त्यातल्या किती वेळा सुकाणू खरोखर त्याच्या हाती होतं. शेजारी प्रशिक्षक बसलेला असताना केलेलं सेलिंग कामाचंच असतं, पण त्यात काळजी दुसऱ्याने केलेली असते.

धक्क्यावरच विचारायचे प्रश्न

हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नका. ‘मला नीट समजून घ्यायचंय’ म्हणून विचारा. चांगल्या कप्तानाला त्यांचा राग येत नाही.

- आज भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता?
- वारा दुपारी किती वाढेल? वाढला तर शीड लहान करायची, म्हणजे रीफ घ्यायची, सोय आहे का? ती शेवटची कधी वापरली?
- इंजिन बंद पडलं तर काय करायचं?
- कुणी पाण्यात पडलं तर कोण काय करणार? पडणारा तुम्हीच असाल तर?
- किती वाजता परत फिरायचं? मांडवा आलेलं नसलं तरी त्या वेळी फिरायचंच, असं ठरलंय का?
- आपण कुठे चाललोय आणि केव्हा परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला सांगून ठेवलंय?

उत्तरात ‘माहीत नाही, बघू या’ आलं तर घाबरू नका. एकत्र बसून बघा. ‘त्याची काय गरज, आपण जवळच तर जातोय’ असं आलं, तर मात्र त्या दिवशी जाऊ नका.

भरतीचं गणित: इथे वेळ घाला

नवखे कप्तान वाऱ्याचा अंदाज मोबाइलवर पाहतात आणि पाण्याला विसरतात. मुंबई बंदरात उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या, दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि तेवढं पाणी सहा तासांत आत येतं किंवा बाहेर जातं. सगळ्यात जोराची ओढ मधल्या दोन तासांत असते.

कोकणातल्या तांडेलांचा जुना हिशेब तुम्हीही करू शकता. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती मध्यान्ह आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. नेमकी वेळ छापील तक्त्यातूनच घ्या. हा हिशेब कप्तानाचं उत्तर पडताळण्यापुरता.

आता याला वाऱ्याची जोड द्या. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, तो मधेच पडतो, आणि दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा उठतो. तीन-चारच्या सुमारास तो भरात असतो. मांडव्याहून पाहिलं तर गेटवे साधारण त्याच दिशेला, उत्तर-वायव्येला आहे. म्हणजे सकाळी अलगद गेलेली बोट दुपारी वाऱ्याच्या तोंडाकडे परतत असते. शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी, टॅक घेत घेत जावं लागतं. चार नॉट वेगाने अशी चालणारी बोट मुक्कामाकडे प्रत्यक्षात तीन नॉटही सरकत नाही. त्यातून पौर्णिमा किंवा अमावास्या असेल, तर भरती बाराच्या सुमारास होऊन अडीच-तीनला ओहोटी पूर्ण जोरात असते. वारा समोरून, पाणी बोटीला समुद्राकडे ओढतंय, बाहेरून येणाऱ्या लाटा त्या पाण्यावर उभ्या राहतायत, आणि डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य मावळलेला. बिघाड काहीच झालेला नसतो, तरी अंधार पडतो आणि बोट अजून बंदराच्या तोंडाशीच असते.

म्हणून नव्या कप्तानाबरोबर पहिली सफर अष्टमीच्या आसपासच्या सुट्टीला ठरवा. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याचा जोर कमी असतो, आणि दुपारची भरती परतीच्या वेळी बोटीला बंदरात आत ढकलते. तारीख बदलायला पैसे पडत नाहीत. नवख्या कप्तानाला याहून मोठी मदत तुमच्या हातात नाही.

बोट चालू होण्याआधीची पाच मिनिटं

- लाइफ जॅकेट: माणशी एक, तुमच्या मापाचं, पट्टे बांधून पाहिलेलं. खणात ठेवलेलं जॅकेट हिशेबात धरू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यानंतर गेटवेच्या प्रवासी बोटींवर जॅकेटची सक्ती आली. हौसेच्या बोटीवर सक्ती करायला कुणी येत नाही, ती तुम्हीच करायची. पोहता येत नसेल तर ते कप्तानाला स्पष्ट सांगा.
- नांगर: त्याचा दोर बोटीला खरोखर बांधलेला आहे का? हसू नका, नसतो. दोराची लांबी खोलीच्या पाच ते सात पट हवी, आणि ही खोली भरतीची मोजायची. ओहोटीला तीन मीटर असलेलं पाणी उधाणाच्या भरतीला सात मीटर होतं. तिथे पंधरा मीटर दोर टाकून निवांत बसलेली बोट वाहत जाणारच.
- इंजिन: आउटबोर्ड धक्क्यावरच चालू करून पाहायला लावा. बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी.
- व्हीएचएफ रेडिओ: चालू आहे का, आणि चॅनेल १६ कसं लावायचं हे तुम्हाला दाखवलंय का?
- शिवाय पाणी उपसायची बादली, चाकू, शिडी, टॉर्च आणि भरपूर पिण्याचं पाणी.

ज्यांना बोट लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. मळमळू लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. केबिनमध्ये जाऊन आडवं पडू नका. बाहेर बसा, दूर क्षितिजाकडे बघा. उलटी करायला एकट्याने कडेवर वाकू नका, कुणीतरी जॅकेट धरून ठेवायला हवं.

बोटीवर तुमचं काम

नव्या खलाशाला वाटतं, आपण फक्त दोर ओढायचा. त्याहून मोठं काम डोळ्यांचं आहे. नवखा कप्तान शिडाकडे बघण्यात गुंतलेला असतो, आणि शिडाआडची बाजू त्याला दिसतच नाही. ती तुम्ही बघा. प्रवासी बोट, ट्रॉलर, डोल जाळ्यांचे बोये, वाहत आलेला ओंडका, जे दिसेल ते सांगा. त्याला आधीच माहीत असेल, या विचाराने गप्प राहू नका.

शरीर वाचवण्याचे नियम थोडे आहेत, पण त्यांत सवलत नाही. शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, टॅक किंवा जाइब (वारा मागून असताना शिडाची बाजू बदलणं) घेताना एका बाजूकडून दुसरीकडे येतो. हाक ऐकली की डोकं खाली. वारा मागून असताना तर हाकेची वाटही पाहू नका, कारण नवख्या हातून नकळत जाइब होतो आणि बूम कवटी फोडण्याइतक्या वेगाने फिरतो. वारा मागून आहे तोवर त्याच्या वाटेत उभं राहायचंच नाही. दोर हाताला गुंडाळून धरू नका. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. बोट धक्क्याला आदळते आहे असं दिसलं तर मधे हात-पाय घालू नका. बोटीचा रंग परत देता येतो.

बोट फार कलली, सुकाणू जड झालं, कप्तान ओरडू लागला, तर उपाय एकच आणि सोपा: शीट, म्हणजे शिडाला ताणून धरणारा दोर, ढिला सोडायचा. शीड फडफडेल, मोठा आवाज होईल, पण बोट सरळ होईल. तो दोर कुठे अडकवलाय आणि एका झटक्यात कसा सोडायचा, हे निघण्याआधी दोनदा करून बघा. रीफ घ्यायची का, असा प्रश्न मनात आला की ती घ्यायची वेळ झालेली असते. वारा वाढल्यावर तेच काम दुप्पट अवघड होतं.

‘शिडाच्या बोटीला सगळे वाट देतात’

हा नवख्या कप्तानांचा लाडका गैरसमज. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिनवर चालणाऱ्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यायची, हे खरं. पण त्याच नियमांत पुढे असंही आहे:

- जाळी टाकून मासेमारी करत असलेल्या बोटीला वाट तुम्ही द्यायची.
- अरुंद मार्गातूनच जाऊ शकणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट तुम्ही अडवायची नाही. न्हावा-शेव्याला जाणारी कंटेनर जहाजं याच प्रकारात येतात.
- दोन शिडाच्या बोटींत, डावीकडून वारा घेणारीने उजवीकडून वारा घेणारीला वाट द्यायची.

आणि तुमची बोट इंजिनवर चालू असेल, तर शीड वर असलं तरी ती शिडाची बोट राहत नाही.

बारा नॉट वेगाने येणारं जहाज एक सागरी मैल पाच मिनिटांत पार करतं. एवढ्यात तुमचा एखादा टॅक फसून दुसरा होतो. टक्कर होणार का, हे ओळखायची खूण अशी: जहाज डोलकाठीच्या किंवा कठड्याच्या एखाद्या खुणेशी धरा. ते त्याच खुणेशी राहून मोठं होत असेल, तर तुम्ही आदळणार. लगेच सांगा. नौदलाची गोदी आणि युद्धनौका यांच्या जवळपास तर कोणत्याही कारणाने जाऊ नका.

बोलायचं कसं?

आपल्याकडे खरी अडचण इथे येते. कप्तान साहेब असतो, मोठा मेव्हणा असतो, नाहीतर बोटीचे पैसे भरणारा मित्र असतो. त्याला कसं सांगायचं, या संकोचात मिनिटं जातात.

मत सांगू नका, दिसतंय ते सांगा. ‘तुमचं चुकतंय’ याऐवजी ‘सर, उजवीकडे ट्रॉलर, जवळ येतोय’. ‘किती कललीय बोट!’ याऐवजी ‘दादा, शीट सोडू का?’ एका वेळी एकानेच बोलायचं. कप्तानाने हुकूम दिला की तो मोठ्याने परत म्हणा, म्हणजे त्याला कळतं की तुम्ही ऐकलंय, आणि चूक असेल तर ती त्याच्याही कानावर पडते.

काहीही झालं तरी सुकाणू हिसकावू नका. दोन हातांनी दोन दिशांना ओढलेली बोट कुणाचंच ऐकत नाही. याला अपवाद म्हणजे कप्तान पाण्यात पडला, त्याची शुद्ध गेली किंवा तो प्यायलेला आहे. तिसरी शक्यता मात्र धक्क्यावरच कळायला हवी. बिअरचा खोका बोटीत चढताना दिसला, तर तो परतल्यावर उघडायचा हे आधीच कबूल करून घ्या.

कप्तानच पाण्यात पडला तर

या शक्यतेचा विचार बहुतेक जण करत नाहीत. बोट चालवता येणारा एकच माणूस असतो आणि दोर अडकला की उठून पुढे जाणाराही तोच असतो. म्हणून बोट थांबवणं तरी तुम्हाला आलंच पाहिजे.

1. मोठ्याने ओरडा. एकाने पडलेल्या माणसाकडे बोट दाखवून नजर तिथेच ठेवायची, दुसरं कोणतंही काम करायचं नाही. लाटांत डोकं फार लवकर दिसेनासं होतं.
2. तरंगणारं जे हाती येईल ते त्याच्याकडे फेका: रिंग, गादी, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात तो फुगा).
3. सगळ्या शीट सोडा. इंजिन चालू असेल तर न्यूट्रल करा. बोट मंदावेल.
4. रेडिओवर चॅनेल १६ लावून बटण दाबा. ‘मेडे’ तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग तुम्ही कुठे आहात, काय झालंय, किती माणसं आहेत, शेवटी ‘ओव्हर’. इंग्रजी अडलं तर हिंदीत बोला, पण बोला. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४.
5. इंजिन चालू करण्याआधी पाण्यात लोंबणारे दोर वर घ्या, नाहीतर ते पंख्यात अडकतात. हळू जा. माणूस जवळ आला की पुन्हा न्यूट्रल.
6. त्याच्यामागे उडी मारू नका. आता बोटीवर असलेला प्रत्येक जण तिथेच हवा.

ओल्या कपड्यांतला माणूस हातांनी वर ओढता येत नाही, म्हणून शिडी. निघाल्यावर शांत पाण्यात एखादा फेंडर टाकून तो परत उचलण्याचा सराव करू या, असं कप्तानाला सुचवा. त्याचाही फायदा होईल, आणि तो किती तयारीचा आहे हेही तुम्हाला दिसेल. सराव बिघडला तर तिथूनच परत फिरायला कुणाची ना नसावी.

तुमचे हक्क

- नकाराचा. साहेबांच्या बोटीबद्दल विचारणाऱ्या वाचकांसाठी: सेलिंग हे तुमच्या नोकरीचं काम नाही. ‘या वेळी जमणार नाही’ एवढं पुरतं. संबंध चांगले असतील, तर ‘सोबत प्रशिक्षक असेल तर येतो’ असा मार्ग सुचवा. क्लबमध्ये अशी सोय बहुधा होते आणि त्यात कुणाचा मान जात नाही.
- मधेच उतरण्याचा. मांडव्यापर्यंत जाऊन जीव मेटाकुटीला आला असेल, तर तिथून गेटवेची प्रवासी बोट किंवा भाऊच्या धक्क्याचं रो-रो जहाज पकडा. तिकिटाचे पैसे जवळ ठेवा आणि शेवटच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा. बोटीवर मागे किमान दोघे जण उरतायत ना, एवढं पाहा. नाहीतर बोट तिथेच नांगरून सगळ्यांनीच परत या.
- खर्चाची माहिती मिळण्याचा. शीड फाटलं, बोट धक्क्याला घासली, तर भरपाई कोण देणार? क्लबच्या किंवा भाड्याच्या बोटीत अनामत रक्कम असते. ती खलाशांत वाटली जाणार असेल तर आधी कळायला हवं. तुमची अपघात विमा पॉलिसीही वाचा, साहसी खेळ त्यातून वगळलेले असू शकतात.
- परवाना विचारण्याचा. इंधनाचा खर्च वाटून घेणं वेगळं. तुमच्याकडून माणशी भाडं घेत असतील, तर तो धंदा झाला. मग बोटीचा परवाना, चालवणाऱ्याची पात्रता आणि विमा हे तिन्ही कागद मागा.

परतल्यावर

दोर गुंडाळून, बोट धुऊन झाली, की चहा घेताना कप्तानाशी बोला. काय जमलं ते आधी सांगा, कुठे भीती वाटली ते नंतर. भर वाऱ्यात न ऐकलेली गोष्ट माणूस धक्क्यावर ऐकतो. ऐकून घेणाऱ्या कप्तानाबरोबर पुन्हा जरूर जा, शक्यतो त्याच बोटीवर आणि त्याच खलाशांसह. ज्याने तुमचं बोलणं हसण्यावारी नेलं, त्याचं पुढचं आमंत्रण नाकारा आणि कारणही सांगा. तुमच्या जागी तो ज्याला नेणार आहे, त्यालाही ते कळवा.